‘द सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट’मधले सीई लेख : वाचणारीचा आणि लिहिणारीचा अभिप्राय

ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रॉली लावणाऱ्या, सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देणाऱ्या आणि पोट शिवण्याआधी मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) मोजणाऱ्या माणसांसाठी एक स्वतंत्र मासिक निघतं. ‘द सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट’ त्याचं नाव. डॉक्टरांची जर्नल्स ढिगानं आहेत, नर्सिंगचीही आहेत, पण टेबलाशी स्क्रब होऊन (हात घासून, स्टराइल गाऊन-ग्लोव्ह घालून) उभं राहणाऱ्यांच्या कामाला वाहिलेलं असं काही असतं, हे मला मिरजेत नोकरी करताना ठाऊक नव्हतं. इथे न्यू जर्सीत आले, कम्युनिटी कॉलेजचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि पुन्हा टेबलाशी उभी राहिले, तेव्हा ते हातात आलं. तेव्हापासून सुटलेलं नाही. त्यातल्या सीई लेखांबद्दल मला सांगायचं आहे. मी ते नेमानं वाचते आणि आता त्या धर्तीवर लिहायलाही लागले आहे.

मासिक काढते असोसिएशन ऑफ सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट्स, म्हणजे एएसटी. संघटना १९६९ सालची, कचेरी कोलोरॅडो राज्यातल्या लिटलटनला. सीई म्हणजे नोकरी करता करता चालू ठेवायचं शिक्षण. आमचं सीएसटी, म्हणजे सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट, हे सर्टिफिकेट एकदा मिळालं की जन्मभर पुरत नाही. ते टिकवायला दर दोन वर्षांत ३० क्रेडिट जमवावी लागतात, नाहीतर परीक्षा पुन्हा द्यायची. क्रेडिट मिळवायचे मार्ग पुष्कळ आहेत: परिषदा, वर्ग, ऑनलाइन व्याख्यानं. माझ्या शिफ्ट्स बघता मला सोयीचा मार्ग हाच. लेख वाचायचा, शेवटची प्रश्नपत्रिका सोडवायची, पास झालं की क्रेडिट जमा.

लेखाची ठेवण ठरलेली असते. सुरुवातीला चौकटीत शिकण्याची उद्दिष्टं. मग शरीररचना, आजार, तपासण्या, पेशंटची पोझिशन, प्रेप (त्वचा अँटिसेप्टिकनं साफ करणं), ड्रेपिंग (भोवती निर्जंतुक कापडं अंथरणं), इन्स्ट्रुमेंटची मांडणी, ऑपरेशनच्या पायऱ्या. शेवटी चार-चार पर्यायांचे प्रश्न, बहुधा दहा.

माझं मत आधीच सांगून टाकते. ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं मशीन), कॉटरी (विजेच्या उष्णतेनं कापायचं आणि रक्त थांबवायचं उपकरण), काउंट (मॉप वगैरेंची मोजणी), टेबलावरची औषधं अशा रोजच्या विषयांवरचे लेख हा या मासिकाचा खरा ठेवा आहे. ते जुने होत नाहीत आणि कुठल्याही देशातल्या थिएटरमध्ये उपयोगी पडतात. एखाद्या विशिष्ट ऑपरेशनवरचे लेख मात्र लेखक टेबलाच्या किती जवळ उभा आहे त्यावर अवलंबून असतात.

रोजच्या विषयांचं उदाहरण द्यायचं तर निर्जंतुकीकरण घ्या. आपल्याकडे ड्रम (कपडे निर्जंतुक करायचा भोकांचा धातूचा डबा) भरायला शिकवतात: कपडे फार दाबून भरू नका, ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना ड्रमची भोकं उघडी ठेवा, बाहेर काढल्याबरोबर बंद करा. हे सगळे नियम मला पाठ होते आणि मी ते काटेकोर पाळत असे. त्यातल्या पहिल्या दोन नियमांमागे एकच कारण आहे, ते मला अशा लेखांनी स्वच्छ दाखवलं: हवा. जिथे हवा अडकून राहते तिथे वाफ पोचत नाही, आणि जिथे वाफ पोचत नाही तिथे काटा १३२ अंश सेल्सिअस दाखवत असला तरी तिथलं काहीही निर्जंतुक होत नाही. आधी व्हॅक्यूमनं हवा ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये १३२ अंशांना ४ मिनिटं पुरतात. हवा नुसती वजनानं खाली सरकून बाहेर पडते अशा साध्या मशीनमध्ये १२१ अंशांना ३० मिनिटं लागतात. या फरकात तापमानाबरोबर हवेचाही मोठा वाटा आहे, हे एकदा डोक्यात बसलं की ड्रम दाबून भरायचा नाही हे कुणाला बजावून सांगावं लागत नाही.

बोवी-डिक टेस्टचंही तसंच. व्हॅक्यूमवाल्या ऑटोक्लेव्हमध्ये रोज सकाळी, पहिला लोड लावण्याआधी, रिकाम्या चेंबरमध्ये ही टेस्ट ठेवायची. १९६३ साली ती पहिल्यांदा मांडली गेली तेव्हा टॉवेलांच्या घड्यांच्या गठ्ठ्यात मधोमध ऑटोक्लेव्ह टेपची फुली चिकटवत. फुलीचा रंग मध्यापासून कडेपर्यंत सारखा बदलला तर हवा पूर्ण निघाली. मधे फिकट राहिला तर तिथे हवेचा बुडबुडा बसून होता, आणि मशीन वापरायचं नाही. ही टेस्ट जंतू मेले का ते सांगत नाही. ते बघायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जंतूचे बीजाणू असलेली वेगळी टेस्ट असते. आणि पॅकच्या बाहेरच्या टेपवरच्या पट्ट्या काळ्या झाल्या, याचा अर्थ पॅक मशीनमध्ये जाऊन आला, इतकाच. ‘पट्टी काळी म्हणजे स्टराइल’ हे वाक्य मी दोन्ही देशांत ऐकलं आहे. ते मोडून काढणारा एक परिच्छेद ज्या लेखात असेल तो लेख माझ्या मते पैसे वसूल करून देतो.

आता ऑपरेशनवरचे लेख. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन रोजचं. त्यावरच्या लेखात मला काय हवं असतं? सर्जन कॅलोटचा त्रिकोण (पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृत यांमधली जागा) साफ करतो आहे, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या आहेत, नळी आणि धमनी, आणि त्यांच्या मागे यकृताचा भाग दिसतो आहे. अमेरिकी सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली सांगितलेला ‘क्रिटिकल व्ह्यू’ तो हाच. तो दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. म्हणजे पडद्यावर ते चित्र तयार होताना मला दिसलं पाहिजे, आणि सर्जननं हात पुढे करण्याआधी क्लिप ॲप्लायर लोड होऊन माझ्या हातात असला पाहिजे. कोलॅन्जिओग्राम (पित्तनलिकेत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, सोडून काढायचा एक्स-रे) करायचा असेल तर कॅथेटर आणि सिरिंज यातून हवेचा प्रत्येक बुडबुडा काढलेला पाहिजे, कारण एक्स-रेमध्ये तो बुडबुडा नळीतल्या खड्यासारखा दिसतो आणि नसलेला खडा शोधण्यात पेशंटचा भुलीखालचा वेळ जातो. हे बुडबुड्याचं वाक्य ज्या लेखात असतं त्याचा लेखक टेबलाशी उभा राहिलेला आहे हे मी ओळखते.

याउलट, अशा धर्तीच्या लेखनात, मासिक कुठलंही असो, एक खोड दिसते. पित्ताशय काढायचं आहे आणि आधी यकृताच्या आठही सेगमेंटची उजळणी. पानंच्या पानं शरीररचना, मग आजाराचा इतिहास, आणि स्क्रबच्या वाट्याला शेवटी ‘इन्स्ट्रुमेंट सर्जनच्या पसंतीनुसार’ एवढी एक ओळ. शरीररचना पुस्तकात मिळते. कुठल्या क्षणी काय हातात धरून ठेवायचं ते पुस्तकात मिळत नाही, आणि वाचणारा त्यासाठीच आलेला असतो. दुसरी खोड म्हणजे एखाद्या कंपनीच्या उपकरणाचं माहितीपत्रक वाचतोय असं वाटायला लावणारी भाषा. उपकरणाचे फायदे सांगताना ते बिघडलं तर हाती काय ठेवायचं हे आलं नाही, की माझा त्या लेखावरचा विश्वास कमी होतो.

प्रश्नपत्रिकेबद्दलही थोडं. लेख समोर उघडा ठेवून उत्तरं देता येतात, त्यामुळे प्रश्न ‘कोणत्या साली’ किंवा ‘किती अंश’ असा असेल तर माणूस लेख न वाचता ती ओळ शोधून काढतो. मी मघाशी साल आणि अंश दोन्ही सांगितले. ते माहीत असावेत, पण प्रश्न त्यांवर नसावा. लेख वाचून विचार केल्याशिवाय सुटणार नाही असा प्रश्न तयार करणं हे या लेखनातलं सगळ्यात कठीण काम आहे, हे मी लिहायला बसल्यावर अंगावर आलं.

मी विषय घेतला होता टेबलावरच्या औषधांचा. त्याच कोलॅन्जिओग्रामचं टेबल डोळ्यांसमोर आणा. एका बाऊलमध्ये सलाइन, एकात डाय, एकात झायलोकेन, म्हणजे लिडोकेन हे जागा बधिर करायचं औषध. तिन्ही पाण्यासारखी. २००४ साली सिॲटलच्या एका इस्पितळात मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावर उपचार चालू असताना अशाच एकसारख्या भांड्यांमधलं क्लोरहेक्सिडीन, म्हणजे त्वचा साफ करायचं अँटिसेप्टिक, डाय समजून पेशंटच्या रक्तवाहिनीत दिलं गेलं. त्या बाई वाचल्या नाहीत. इस्पितळानं ती चूक जाहीरपणे कबूल केली, म्हणून ती आज आम्हा सगळ्यांना शिकायला मिळते. अमेरिकेत इस्पितळांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशनचा नियम आहे की मूळ बाटलीतून दुसऱ्या भांड्यात किंवा सिरिंजमध्ये काढलेल्या प्रत्येक द्रवावर लेबल हवं, मग ते साधं सलाइन का असेना.

लेबल लावा, एवढं सांगायला लेख लागत नाही. लेखात यायला हवा तो क्रम. सर्क्युलेटिंग नर्स (स्क्रब न होता खोलीत सामान आणून देणारी) बाटली हातात धरते, दोघी मिळून नाव, स्ट्रेंग्थ आणि मुदत मोठ्यानं वाचतो, मग औषध बाऊलमध्ये येतं, आणि लेबल त्याच क्षणी लागतं. एक औषध पूर्ण झाल्याशिवाय दुसरी बाटली उघडायची नाही. रिकामी बाटली केस संपेपर्यंत थिएटरबाहेर जाऊ द्यायची नाही, कारण शंका आली तर पुरावा तीच. सर्जनच्या हातात सिरिंज देताना औषधाचं नाव आणि स्ट्रेंग्थ तोंडानं सांगायची, दर वेळी, तेच औषध चौथ्यांदा देत असलो तरी. आणि मधेच सुटी द्यायला दुसरी स्क्रब आली, तर काउंटबरोबर प्रत्येक बाऊलचं लेबलही दोघींनी वाचायचं.

या शेवटच्या मुद्द्यावर मी एक प्रश्न लिहिला. तुम्ही चालू केसमध्ये स्क्रब बदलायला आलात, बॅक टेबलवर लेबल नसलेला स्वच्छ द्रवाचा बाऊल आहे, काय कराल? बरोबर उत्तर एकच: तो द्रव टाकून द्यायचा आणि नवीन घ्यायचा. चुकीचे पर्याय सुचवायला मला लांब जावं लागलं नाही. जाणाऱ्या स्क्रबला विचारून लेबल लावणं. शेजारच्या बाऊलवरून अंदाज करणं. सर्जनला विचारणं. तिन्ही गोष्टी घाईच्या थिएटरमध्ये कुणीतरी करतं, आणि म्हणूनच तिन्ही पर्याय वाचणाऱ्याला क्षणभर बरोबर वाटतात. चुकीचा पर्याय उघड चुकीचा असेल तर त्या प्रश्नानं काहीच शिकवलं नाही असं मी मानते. संपादनातून माझ्या दुसऱ्या एका प्रश्नातला ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय काढायला सांगितलं गेलं, ते अगदी योग्य होतं. तो पर्याय असला की माणूस वाचायचं थांबतो.

उद्दिष्टांच्या चौकटीवरही मेहनत लागते. ‘औषधांची सुरक्षितता समजून घेणे’ असं लिहिलं तर ते तपासणार कसं? ‘लिडोकेनची कमाल मात्रा वजनावरून काढून दाखवणे’ असं लिहिलं की लेखकाला लेखात ते गणित करून दाखवावंच लागतं. मी ते असं दाखवलं. ॲडरिनलिन नसलेल्या लिडोकेनची मोठ्या माणसासाठीची मर्यादा वजनाच्या दर किलोला ४.५ मिलिग्रॅम, आणि एकूण ३०० मिलिग्रॅमच्या वर नाही. पेशंट ६० किलोचा असेल तर २७० मिलिग्रॅम. १ टक्का द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे २७ मिलिलिटर. तेच २ टक्के घेतलं तर साडेतेरा मिलिलिटर. मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, पण आतापर्यंत किती गेलं हा आकडा स्क्रबच्या तोंडावर तयार असला पाहिजे. लेबलवर टक्के लिहिले नसतील तर हा हिशेब कुणालाच करता येणार नाही, म्हणून गणित आणि लेबल या दोन गोष्टी मी एकाच भागात ठेवल्या.

सांगलीत माझी मावसबहीण एका नर्सिंग होममध्ये ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) कोर्स केलेली, हुशार आणि कामाला चोख. हे लेख मी तिला पाठवते आणि रविवारी फोनवर आम्ही बोलतो. माझा मसुदा वाचून तिचा पहिला प्रश्न आला, “ताई, तयार स्टराइल लेबलं आमच्याकडे येत नाहीत. मग आम्ही काय करायचं?” तिच्याकडे स्टराइल स्किन मार्कर होता आणि जखमेवर लावायच्या स्टराइल स्टेरी-स्ट्रिप होत्या. पट्टीवर मार्करनं नाव आणि टक्के लिहायचे आणि बाऊलला चिकटवायची. “एवढंच ना? उद्यापासून करते,” म्हणाली. पुढच्या रविवारी तिनं सांगितलं की सिस्टरही आता बाटली दाखवून मोठ्यानं वाचतात. माझ्या लेखात तो स्टेरी-स्ट्रिपचा परिच्छेद तिच्यामुळे आला, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो.

अमेरिकी लेखांतली उणीव इथे दिसते. सगळं सामान कपाटात आहे असं धरून ते लिहिलेले असतात. मॉपमधल्या चिपवरून मोजणारं मशीन, डिस्पोजेबल ड्रेपचे तयार पॅक, दर खोलीत वेगळी सर्क्युलेटिंग नर्स. दोन थिएटरना मिळून एकच सिस्टर असेल तर काउंट कुणाबरोबर करायचा, हे त्यांत नसतं. तरी तत्त्व तेच राहतं: मोजणारे दोघे, मोजणं मोठ्यानं, प्रत्येक मॉप वेगळा करून, केस सुरू व्हायच्या आधी, पोकळी बंद करण्याआधी आणि कातडी शिवण्याआधी. फळ्यावर खडूनं लिहिलेला काउंटसुद्धा तितकाच खरा असतो.

सेफ्टी चेकलिस्टवरचे लेख मी जरा जास्त आपुलकीनं वाचते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ती आणली, ती अमेरिकी सर्जन आणि लेखक अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली. त्यांचे वडील आत्माराम गवांदे मूळचे यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे. आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होतं, आणि २००९च्या जानेवारीत छापलेल्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. चेकलिस्टचे थांबे तीन: भुलीआधी, छेद घेण्याआधी, पेशंट खोलीबाहेर जाण्याआधी. तिसऱ्या थांब्यावर काउंट आणि स्पेसिमेनचं, म्हणजे तपासणीला पाठवायच्या तुकड्याचं, लेबल मोठ्यानं वाचायचं असतं, आणि घाईत तोच थांबा सगळ्यात आधी गळतो, कारण सर्जन ग्लोव्ह काढून नोट्स लिहायला गेलेले असतात. यावरचा लेख वाचताना मी एवढंच बघते, की त्या मिनिटाला स्क्रबनं नक्की काय बोलायचं ते वाक्य दिलं आहे का.

ज्यांना वाचायला सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी: जुने लेख पीडीएफ रूपात मिळतात. क्रेडिट नको असेल, नुसतं शिकायचं असेल, तर तेवढे पुरे आहेत. आधी निर्जंतुकीकरण, मग कॉटरी आणि थिएटरमधली आग, मग काउंट, मग औषधं. आगीचा लेख तर ज्यांच्याकडे स्पिरिटयुक्त प्रेप वापरतात त्या प्रत्येकानं वाचावा: प्रेप लावल्यावर केस नसलेल्या त्वचेवर ते पूर्ण सुकायला निदान ३ मिनिटं द्यायची आणि त्याआधी ड्रेप टाकायचा नाही, कारण ड्रेपखाली साठलेली वाफ, ऑक्सिजन आणि कॉटरीची ठिणगी एकत्र यायला वेळ लागत नाही. ऑपरेशनवरचे लेख आपल्या लिस्टवर ती केस लागेल तेव्हा, आदल्या रात्री वाचावेत. इंग्रजी जड वाटलं तर प्रश्नपत्रिका आधी वाचा. कशासाठी वाचायचं ते कळतं आणि लेख सोपा होतो.

आणि टेबलाशी उभं राहून दहा-पंधरा वर्षं झालेल्यांनी लिहावं. भाषा दुरुस्त करायला संपादक असतात. बुडबुड्याचं वाक्य मात्र तुम्हीच लिहू शकता. मी सध्या स्पेसिमेनवर लिहिते आहे: फ्रोजन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून करायची तपासणी) जाणारा तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन) टाकायचा नाही, लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची) शंका असलेली गाठ ताजीच पाठवायची, आणि फॉर्मलिनही पाण्यासारखंच दिसतं, म्हणून ते स्टराइल टेबलावर येऊच द्यायचं नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये पॅथॉलॉजी लॅब बाहेर असते आणि स्पेसिमेन नातेवाइकाच्या हातात दिलं जातं. तिथे लेबल कोण लिहितं, कुठल्या वेळी लिहितं आणि कुणाला वाचून दाखवतं, हे मला महाराष्ट्रातल्या ओटी टेक्निशियनकडून हवं आहे. जशी पद्धत असेल तशी सांगा. लेखात तो भाग तुमच्याच शब्दांत घालायचा विचार आहे.